केवलप्रयोगी केंजळे सर

केंजळे सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला दहापैकी दहा दिले नव्हते. फलटणच्या शाळेत तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, वह्यांचे डोंगर तपासले, पण त्यांचं लाल पेन साडेनवाच्या पुढे कधी सरकलं नाही. "दहा देवाला," असं ते म्हणत. आणि देवाने व्याकरणाचा पेपर सोडवला असता तर सरांनी त्याचाही स्वल्पविरामासाठी अर्धा मार्क कापला असता, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

सर गाजले ते टोप्यांच्या तासामुळे. इंग्रजीतला एकच शब्द कधी नाम होतो, कधी विशेषण, कधी क्रियापद, ही गोष्ट पोरांच्या डोक्यात काही केल्या शिरत नसे. मग सरांनी आठ रंगांच्या टोप्या शिवल्या. म्हणजे शिवल्या त्यांच्या बायकोने, उज्ज्वलाबाईंनी, परकरांच्या उरलेल्या कापडातून. सरांनी फक्त रंग सांगितले. पोरांना रांगेत उभं करायचं, एक पोर म्हणजे एक शब्द, आणि मधल्याचं नाव 'राउंड'. 'द अर्थ इज राउंड' म्हटलं की त्याच्या डोक्यावर विशेषणाची निळी टोपी. शेजारची पोरं बदलून 'द वॉचमन टेक्स अ राउंड' झालं की नामाची पांढरी. जहाजाने भूशीर 'राउंड' केलं की क्रियापदाची लाल. दुकान 'राउंड द कॉर्नर' असलं की शब्दयोगी अव्ययाची हिरवी, कुणी 'टर्न्ड राउंड' केलं की क्रियाविशेषणाची पिवळी. पोर तेच, जागा तीच, टोपी मात्र दर वाक्याला नवी.

"शब्द एकटा असला की त्याला जात नसते रे!" सर टेबलावर छडी आपटून सांगत. "शेजारी कोण उभा आहे, त्यावर त्याचं काम ठरतं!"

काळी टोपी तेवढी कुणी घ्यायला तयार नसे. ती केवलप्रयोगी अव्ययाची. त्या पोराने रांगेबाहेर भिंतीशी उभं राहायचं आणि मधूनमधून 'अरेरे!', 'वाहवा!' करायचं. "हा घरी गेला तरी वाक्याचं काही अडत नाही," असं सर खुशाल सांगत, आणि वर्ग त्या पोराला हसत असे.

आता २०४१ साल उजाडलं होतं. कानात वालाएवढा मणी घातला की जगातली कुठलीही भाषा मराठीत ऐकू यायची, त्यामुळे इंग्रजीच्या शिकवणीला काळं कुत्रं फिरकत नव्हतं. सर निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. सकाळी खिडकीपाशी खुर्ची, हातात पेपर, शेजारी लाल पेन. पेपर वाचता वाचता सर 'छे!' म्हणत, 'शाबास!' म्हणत, 'अरेच्चा!' म्हणत. एवढ्यात चहा येई, पोहे येत, गोळी येई, गोळीमागून पाणी येई, आणि सरांची अशी ठाम समजूत होती की हे घर आपण चालवतो.

तंटा सुरू झाला तो काठमांडूमुळे.

उज्ज्वलाबाई लग्नाआधी जिल्ह्याकडून खो-खो खेळत. फलटण म्हणजे खो-खोचं गाव, तिथे पोरी चालायला लागल्या की पाटीवर बसतात. लग्नानंतर खेळ सुटला. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या पुन्हा मैदानावर गेल्या, आणि आता बासष्टाव्या वर्षी साठीपुढच्या बायकांच्या संघात त्यांची निवड झाली होती. सराव, स्पर्धा सगळं धरून तीन आठवडे काठमांडूला. पत्र आलं त्या दिवशी बाईंनी ते तीनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यात ठेवलं. रोज कणीक काढताना दिसावं म्हणून.

पण मुलगी गार्गी कोचीहून पडद्यावर आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "आई, तू जा गं, पण बाबांचं काय? मागच्या वेळचं विसरलीस?"

मागच्या वेळचं कुणीच विसरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या ऑपरेशनसाठी बाई चार दिवस साताऱ्याला गेल्या होत्या. सरांनी दूध तापत ठेवलं आणि शब्दकोडं घेऊन बसले. दूध आटलं, पातेलं जळलं, धूर पाहून शेजाऱ्यांनी कडी तोडली. शिवाय, घेतली की नाही ते आठवेना म्हणून साखरेची गोळी दिवसातून तीनदा घेतली, आणि चक्कर येऊन दोन दिवस दवाखान्यात पडले. चौथं आडवं काय, ते मात्र सुटलं होतं.

"ते दूधच खराब होतं," सर म्हणाले.

यावर गार्गीनेच तोडगा काढला. पुण्याला सरांची एक विद्यार्थिनी होती, तबस्सुम आतार. एके काळी वर्गातली सगळ्यात गुबगुबीत पोर, म्हणून सर तिलाच नेहमी 'राउंड' करायचे. ती आता मोठी संशोधक झाली होती आणि घरात एकटं राहू शकणारी म्हातारी माणसं कोणती, हे ओळखणारं यंत्र तिने बनवलं होतं. यंत्राने हो म्हटलं तर आईने जावं, नाही म्हटलं तर राहावं. संघाला नाव कळवायला तीन आठवडे होते.

तबस्सुम सोमवारी आली. सरांच्या पाया पडली, काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घेतली, आणि पानाच्या डब्याएवढी एक पेटी कपाटावर ठेवली. तिचं नाव 'पारखी'.

"सर, ही तुमच्याच तासातून निघाली," ती म्हणाली. "यंत्राला इंग्रजी शिकवायचं होतं, पण 'राउंड' कधी नाम आणि कधी क्रियापद, हे त्याला सांगणार कोण? मग आम्ही वाक्यातला एक शब्द झाकायचो आणि म्हणायचो, शेजाऱ्यांवरून ओळख, इथे काय असेल. चुकलं की पुन्हा. अशी कोट्यवधी वाक्यं. हळूहळू त्याला टोप्या कळायला लागल्या, कुणी न सांगता."

"कुणी न सांगता कसं? मी सांगितल्या होत्या," सर म्हणाले.

"तेच म्हणते मी. मग लक्षात आलं की घरातला दिवसही वाक्यासारखाच असतो. कोण काय म्हणालं, त्यावर कोण उठलं, कुठलं दार उघडलं, कुठे पाणी वाहिलं. पारखी हे सगळं टिपते. बोलणं साठवत नाही, कशामुळे काय हललं एवढंच. मग त्या दिवसातून एक माणूस झाकते आणि बघते, त्याच्यावाचून दिवस उभा राहतो का? एखादं म्हातारं माणूस घरात असून घरातून गळायला लागलं, तर ते घरच्यांना कळायच्या कितीतरी महिने आधी हिला कळतं." तिने पेटीला खालून एक बारीक छापयंत्र जोडलं, कारण सर पडद्यावरचं काही वाचत नसत. "दर रविवारी पट्टी येईल. आणि सर, एरवी आम्ही नुसते आकडे देतो, पण तुमच्यासाठी मी मुद्दाम व्याकरणातली नावं ठेवली आहेत. तुम्हाला गंमत वाटेल."

रविवारी सकाळी पेटी गुरगुरली आणि एसटीच्या तिकिटासारखी पट्टी बाहेर आली. सरांनी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"उज्ज्वला केंजळे. क्रियापद. शिवाय नाम, विशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, गरजेप्रमाणे." सरांनी मान डोलावली. "ठीक आहे. राउंडसारखीच आहेस तू. पुढे, रत्नाकर केंजळे." आणि ते थांबले.

"वाचा की हो," बाई आतून म्हणाल्या.

"छपाई पुसट आहे."

बाई हात पुसत आल्या आणि त्यांनी पट्टी ओढून घेतली. "रत्नाकर केंजळे. केवलप्रयोगी अव्यय. झाकून पाहिले. उज्ज्वला झाकल्यास दिवस उरत नाही. रत्नाकर झाकल्यास दिवस तसाच. रत्नाकर एकटे राहू शकतात काय? नाही."

बाई आधी ओठ दाबून हसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या, आणि शेवटी खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "काळी टोपी!" एवढंच त्यांना बोलता येत होतं. "अगं बाई गं, काळी टोपी!"

"अडाणी यंत्र आहे!" सर गरजले. "शेफारलेलं! अरे, घरात कर्ता म्हणून काही असतो की नाही?" त्यांनी पट्टी टेबलावर सपाट केली आणि खाली लाल शेरा मारला: 'निरीक्षण उथळ. निष्काळजीपणा. ३/१०.'

बाईंचं हसू ओसरलं. त्यांनी पिठाचा डबा उघडला, पत्र काढलं, घडी घातली. "जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या. "मी संघाच्या प्रमिलाताईंना सांगते, माझ्याऐवजी बारामतीच्या त्या पोरीला घ्या म्हणून."

"कुठली पोरगी?"

"आहे एक. एकसष्टची आहे."

त्या हे अगदी सहज म्हणाल्या, भाजी महाग आहे, नको घ्यायला, अशा आवाजात. सरांना तो आवाज ओळखीचा वाटला. लग्नानंतर मैदान सुटलं तेव्हा त्या अशाच बोलल्या होत्या, आणि तेव्हा सरांना तो समजूतदारपणा वाटला होता. आज तसा वाटला नाही.

"पत्र पिठात ठेव," सर म्हणाले. "अजून दोन आठवडे आहेत. तू जाणार. मी पास होणार."

आता, परीक्षा म्हटली की मास्तर माणूस काय करणार? तयारी करणार. सरांनी तक्ता केला. यंत्र बोलणं ऐकतं, म्हणजे काम करताना ते यंत्राला ऐकू गेलं पाहिजे. ट्रंकेतून क्रियापदाची लाल टोपी काढून त्यांनी डोक्यावर चढवली आणि सोमवारपासून घरात घोषणा सुरू झाल्या.

"मी ताट उचलत आहे!" सर कपाटाकडे तोंड करून ओरडत. "मी तुळशीला पाणी घालत आहे! मी लसूण सोलत आहे!"

लसूण दोन पाकळ्या सोलून होई, तोवर मागून बाई येत. "द्या इकडे. नखं दुखतील. राहू दे हो, तुम्ही बसा." ताट हातात घेतलं की, "सांडेल, तुम्ही बसा." केरसुणी धरली की, "पाठ धरेल, तुम्ही बसा." सर बसत. पण घोषणा झालेली असे, तेव्हा गुण मिळालेच, असा त्यांचा हिशेब. गुरुवारी तर त्यांनी बसल्या जागेवरून "मी दळण आणलं आहे!" असं पूर्ण वर्तमानकाळात जाहीर केलं, तेव्हा बाई दळणाचा डबा घेऊन दारातून आत येत होत्या.

दुसऱ्या रविवारी पट्टी आली: 'रत्नाकर केंजळे. केवलप्रयोगी अव्यय. प्रमाण दुप्पट. झाकून पाहिले. दिवस तसाच, थोडा शांत.'

सरांनी २/१० दिले, टोपी भिरकावली आणि पुण्याला फोन लावला. "तबस्सुम, तुझं यंत्र नापास आहे. ताबडतोब ये."

ती बिचारी संध्याकाळी हजर झाली. पेटी उघडून बघितली, हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर काही आकडे काढले, आणि आधी काकूंकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर, रागावू नका. तुम्ही आम्हाला काय शिकवलंत? टोपी कोण ठरवतं?"

"शेजारी."

"मग आपण तुमच्याकडेच का बघतोय? शेजारी बघू या." तिने पाटी पुढे केली. "पारखी शब्द साठवत नाही, पण एखाद्या बोलण्याने हलणारं माणूस थांबलं, तर ते बोलणं मोजते. या घरात असं एकच वाक्य आहे. 'तुम्ही बसा.' दोन आठवड्यांत दोनशे बारा वेळा."

बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेतल्याचा आवाज आला.

"म्हणजे माझी चूक?" उज्ज्वलाबाईंचा आवाज चढला. "अडतीस वर्षं राबले ती मी, आणि नापास कोण करतंय यांना, तर मी? सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं मला, रत्नाकरला वह्या असतात, त्याला उठवायचं नाही. नाही उठवलं कधी! आता बसायची सवय लागली त्यांना, तर तेही माझ्याच माथी?"

"मी कुठे काय म्हणतोय?" सर म्हणाले.

"तुम्ही कधीच काही म्हणत नाही! 'वा' म्हणता आणि 'छे' म्हणता!"

तबस्सुमने चटणीच्या डब्याकडे आणि दाराकडे आळीपाळीने पाहिलं आणि आपल्याला उशीर होतोय असं सांगून ती निघाली. चटणी बरोबर न्यायला मात्र विसरली नाही.

घरात दोघंच उरली. सर खिडकीपाशी खुर्चीत जाऊन बसले. मग म्हणाले, "उज्ज्वला, मला एक सांग. खो-खोत पाठलाग करणारी एकटीच धावत राहिली, पाटीवरच्या कुणालाच खो दिला नाही, तर काय होतं?"

"काय व्हायचंय? गडी सापडत नाही. पाटीच्या पलीकडे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. धावून धावून मरते ती."

"आणि पाटीवर बसलेला आपणहून उठला तर?"

"फाउल."

"मग मी अडतीस वर्षं नियमाने खेळलो," सर म्हणाले. पण म्हणताना त्यांची नजर खाली गेली. "नाही, तेही खोटंच. मला बसायला आवडत होतं. तू खो दिला असतास तरी मी वह्यांचं निमित्त काढलं असतं. पण आता वह्या नाहीत गं. आता नुसताच बसलोय, आणि माझ्यावाचून दिवस तसाच आहे हे मला कळलंय. ते काही बरं वाटत नाही."

त्या रात्री जेवणं मुकाट्याने झाली.

सोमवारी सकाळी सर नेहमीप्रमाणे खुर्चीत होते. पेपरची घडी मोडतात न मोडतात तोच पाठीवर सणसणीत थाप बसली. "खो!"

सर दचकून उभेच राहिले. चष्मा नाकावरून ओठांवर आला. मागे उज्ज्वलाबाई, अंगात ट्रॅकसूट. सर उठले त्याच क्षणी त्या चपळाईने पुढे आल्या आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या.

"अगं, हे काय?"

"खो देणारीने लगेच बसायचं असतं. नियम आहे," बाई म्हणाल्या. "चहा. दोन कप. आलं घालून."

तो आठवडा त्या घराने पूर्वी कधी पाहिला नव्हता. सर स्वयंपाकघरात आणि बाई पाटीवर. सरांनी पोहे भिजवले ते इतके की त्यांचा लगदा झाला. मोहरी तडतडली तेव्हा पळून बाहेर आले, पुन्हा आत गेले. पण खरे हाल झाले ते बाईंचे. खुर्चीत बसून त्यांच्या हातांना करायला काही उरलं नव्हतं. पेपर उलटा धरून त्या नाकाने फोडणीचा माग काढत. करपल्याचा वास आला की अर्ध्या उठत, आणि सर दारातून शाळेची जुनी शिट्टी फुंकत.

"फाउल! खो दिलाय का मी?"

"अहो, हिंग राहिला!"

"राहू दे. तू बस."

बुधवारी सरांनी गोळ्यांच्या डबीवर सात वार लिहिले, लाल पेनाने, शुद्धलेखनासकट. गुरुवारी भाजीवालीने त्यांना शिळा दोडका गळ्यात बांधला. शुक्रवारी त्याच भाजीवालीशी त्यांनी अर्धा तास वाद घातला आणि ताजी गवार घेऊन आले. शनिवारी दूध तापत ठेवून सर गॅससमोर स्टूल घेऊन बसले. शब्दकोडं शेजारी होतं, पण त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साय धरली, दूध वर आलं, सरांनी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन नुसतं उभे राहिले. बाईंनी पेपर खाली घेतला. "वा!" त्या म्हणाल्या, आणि दोघंही हसायला लागली.

तिसऱ्या रविवारी पट्टी आली: 'रत्नाकर केंजळे. साहाय्यक क्रियापद. झाकून पाहिले. रत्नाकर झाकल्यास दिवस लंगडतो. एकटे राहू शकतात काय? होय. फोडणी जपून.'

"दिवस लंगडतो!" सरांनी ते चारदा वाचलं. साडेसात गुण दिले. 'साहाय्यक' या शब्दाबद्दल अडीच कापले. गार्गीने कोचीहून पट्टी पडद्यावर धरायला लावली, स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आणि म्हणाली, "आई, बॅग भर."

दोन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, फलटणच्या स्टँडवर निळ्या ट्रॅकसूटमधल्या बारा बायका जमल्या. सगळ्यात लहान साठची, सगळ्यात मोठी एकाहत्तरची, आणि गलका शाळेच्या सहलीएवढा. उज्ज्वलाबाई बसच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या होत्या.

"गोळी जेवणाआधी. नंतर नाही, आधी. गॅसची मागची शेगडी जरा अडकते. दूधवाला रविवारी लवकर येतो. आणि डाळ भिजवली असेल तर..." त्यांचा आवाज एकदम घसरला. "अहो, नका हो जाऊ देऊ मला. उगीच काहीतरी होऊन बसेल."

सर मात्र इतकी वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस. त्यांनी बाईंच्या हातातली पिशवी घेतली, आत सीटवर नेऊन ठेवली, आणि खाली उतरून म्हणाले, "उज्ज्वला, तू बस."

बाई बसल्या. बस हलली. खिडकीतून त्यांचा हात दिसत होता तोवर सर उभे राहिले, मग चालत घरी आले आणि येताना गवार घेतली.

तो आठवडा सरांनी एकही गोळी चुकवली नाही. पोहे मोकळे झाले. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. काठमांडूहून फोन आला की सर जेवणात काय होतं ते तपशिलाने सांगत, आणि बाई आपण पाटीच्या टोकाच्या खुंटावर सूर मारून गडी कसा टिपला ते सांगत, आणि दोघंही एकमेकांच्या सांगण्याला पाच मिनिटांत 'वा' म्हणून फोन ठेवत.

रविवारी संध्याकाळी सरांनी दूध तापत ठेवलं, तेव्हा कपाटावर पेटी गुरगुरली. सकाळी कागद अडकून राहिलेली पट्टी आता कुठे येत होती. सर चष्मा शोधून आले.

'रत्नाकर केंजळे. क्रियापद. शिवाय नाम, विशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, गरजेप्रमाणे. सर्व कामे पूर्ण. रत्नाकर झाकल्यास दिवस उरत नाही. एकटे राहू शकतात काय? होय.'

साहाय्यक गेलं होतं! सरांची छाती फुगली. पण खाली आणखी एक ओळ होती, आणि तिचा अर्थ त्यांना लागेना. 'वाक्य अपूर्ण.'

त्यांनी पुण्याला फोन लावला. "तबस्सुम, हे 'वाक्य अपूर्ण' काय आहे? सगळी कामं पूर्ण म्हणतं आणि वाक्य अपूर्ण म्हणतं. चूक आहे ही."

"थांबा हं सर, बघते." तिकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "ही ओळ आमची नाही सर. मूळच्या इंग्रजीच्या तक्त्यातली आहे. वाक्यात कुणासाठी तरी जागा धरलेली असते आणि त्या जागी कुणी नसतं, तेव्हा येते. पारखीला दिसतंय, घरातून कुणीतरी सहा दिवस कुणाशी तरी बोलत होतं, आणि समोरून काहीच हललं नाही. एकेचाळीस वेळा." मग तिने विचारलं, "कुणाशी बोलत होतात सर?"

"पेपरशी," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

'अगं, ऐकलंस का' असं ते रिकाम्या खुर्चीला म्हणाले होते. गवार निवडताना म्हणाले होते, मोहरी न जळता तडतडली तेव्हा म्हणाले होते, शब्दकोड्यातला शेवटचा शब्द सुटला तेव्हाही. ते त्यांनी मोजलं नव्हतं, पण एकेचाळीस असेल. कमीच वाटतं, असंही त्यांना वाटलं.

ते टेबलाशी बसले. पट्टी सपाट केली. चूक शोधण्यासाठी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचली, एकेक शब्दावर बोट ठेवून. मग लाल पेन उघडलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'बरोबर. १०/१०.'

आणि उठून त्यांनी दुधाखालचा गॅस बंद केला.